घाटवाटेवरचें ओझें

रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास हा बराचसा ओझ्यांचा इतिहास आहे. एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास सह्याद्रीची भिंत, अशा चिंचोळ्या पट्टींत हा मुलूख वसलेला. गलबतें खाडींतून राजापूर, चिपळूण येथवर येत; पुढें मात्र पाण्याचें साह्य संपे. मीठ, नारळ, सुकी मासळी घेऊन देशावर जावयाचें, किंवा तिकडील धान्य खालीं उतरवावयाचें, तर अणस्कुरा, आंबा, कुंभार्ली अशा घाटांवांचून मार्ग नव्हता. आंबा घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें २,००० फूट उंच आहे. एकोणिसाव्या शतकांत यांपैकीं कांहीं घाटांतून गाडीरस्ते झाले. तोंपर्यंत माल जावयाचा तो बैलांच्या पाठीवरून, नाहींतर माणसांच्या डोक्याखांद्यांवरून.

बैलांची वाहतूक मुख्यतः लमाण-वंजाऱ्यांच्या हातीं होती. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत फिरलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशानें १०,००० ते १२,००० बैलांचे तांडे पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. अशा तांड्याचें यश बैलांच्या बळापेक्षां गोण्यांच्या तोलावर अधिक अवलंबून असे. पाठीच्या दोन्ही अंगांस सारखें वजन पाहिजे. एक गोणी थोडी जड झाली, कीं ती खालीं सरके, बैलाची पाठ सोलवटे आणि अरुंद वाटेवर जनावराचें पाऊल कड्याकडे झुके.

माणसानें स्वतःकरितां जीं साधनें केलीं, त्यांतही हेंच तत्त्व दिसतें. पडशीला दोन तोंडें. ती खांद्यावर टाकिली म्हणजे अर्धा भार छातीवर व अर्धा पाठीवर येतो, आणि चालणारा पुढें वांकत नाहीं, मागें ओढलाही जात नाहीं. कावडीचें तसेंच. तिची एक बाजू जड असेल, तर कावड्या आपला खांदा जड टोकाजवळ नेतो आणि तोल साधतो. तराजूची दांडी ज्या नियमानें चालते तोच हा नियम. बायकांच्या डोक्यावरील चुंबळ ही वरवर पाहतां कापडाची साधी गुंडाळी. परंतु तिच्यामुळें हंड्याचा भार टाळूवर सारखा पसरतो, हंडा डगमगत नाहीं, आणि वजन मान व कणा यांच्या सरळ रेषेंतून पायांत उतरतें.

या अनुभवाची कसोटी शास्त्रज्ञांनीं अलीकडे पाहिली आहे. १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें, कीं केनियांतील लुओ व किकुयू स्त्रिया आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्शाइतकें ओझें जवळजवळ जादा शक्ति न खर्चितां वाहून नेतात. १९९१ सालीं लवचिक काठीच्या दोन टोकांस भार लावून प्रयोग झाला. तींत श्रम वांचले नाहींत. परंतु प्रत्येक पावलासरशी खांद्यास बसणारा हिसका पुष्कळ कमी झाला. कावडीस लवणारा बांबू कां निवडावा, याचें एक उत्तर येथें मिळतें. २००५ सालीं नेपाळी हमालांची तपासणी झाली. कपाळावरून घेतलेल्या पट्ट्यानें ते सरासरी आपल्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास भार नेत असत.

लष्करी मोहिमांतही ओझ्याचा हिशेब चुकवून चालत नसे. इ. स. १६६१ च्या फेब्रुवारींत मोगल सरदार कारतलबखान मोठा सरंजाम घेऊन कुरवंडे घाटानें कोकणांत उतरूं लागला. उंबरखिंडींतील निरुंद वाटेवर त्याची फौज लांबच लांब पसरली. तिला धड पुढें जातां येईना, मागेंही फिरतां येईना. शिवाजी महाराजांच्या लोकांनीं तिला तेथेंच कोंडलें, आणि खंडणी देऊन व सामान मागें टाकून खानास परत फिरावें लागलें. जंगलवाटेवर सडी फौज काय करूं शकते, हें त्या दिवशीं दिसलें. त्यानंतर त्याच वर्षीं महाराजांची स्वारी दाभोळ, चिपळूण व राजापूर या दक्षिण कोकणच्या भागांत झाली.

परंतु सडें निघावें कीं लादून निघावें, हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येकास नव्हता. खोती पद्धतींत कुळांस खंडाखेरीज वेठही द्यावी लागे, आणि त्या वेठींत खोताचें काम फुकट करावें लागे. पाठ कुळाची, ओझें दुसऱ्याचें. तें किती असावें हें वाहणारानें ठरवावयाचें नाहीं. चुंबळ चांगली वळली किंवा कावड नीट तोलली, तरी हा भार हलका होणारा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें मूळ गांव आंबडवें हें याच जिल्ह्यांतलें. त्यांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबई कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें. आणि १९४९ च्या कायद्यानें ती पद्धति अखेर मोडली.

आज त्याच घाटांत हौसेनें पाठीवर सॅक घेऊन चालणारे तरुण दिसतात. १९५२ सालीं अमेरिकेंत केल्टी यानें ॲल्युमिनियमच्या चौकटीची सॅक विकावयास काढली. तिच्या कमरपट्ट्यानें खांद्यांवरचा पुष्कळसा भार कमरेच्या हाडांवर आला. पुढें १९९२ मध्यें रे जार्डिन याच्या पुस्तकानें मुळांत सामानच कमी करण्याचा विचार लोकप्रिय केला. जड वस्तु पाठीस लगटून व दोन्ही बाजूंस समान ठेवाव्या. कमरपट्टा आधीं आवळावा आणि खांद्यांचे पट्टे मग ओढावे. वाट खडकाळ असेल तर वजन थोडें खालीं घ्यावें, म्हणजे पाय घसरतांना तोल जात नाहीं. हे नियम आतां पुस्तकांतून शिकविले जातात.

पडशी, कावड आणि चुंबळ वापरणाऱ्यांनीं ते कोणत्याही पुस्तकावांचून जाणले होते. फरक एवढाच, कीं आजचा प्रवासी निघण्यापूर्वीं सॅक उघडून नको ती वस्तु घरीं ठेवूं शकतो. त्या जुन्या वाटसरूंतील अनेकांच्या वांट्यास ही मोकळीक आली नाहीं. आलेलें ओझें नीट तोलून घाट चढणें एवढेंच त्यांच्या हातीं होतें, आणि तें त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या उत्तम रीतीनें केलें.