शॉटगन मायक्रोफोन (निवेदनासाठी)
शॉटगन मायक्रोफोन : समोरून येणारा आवाज ठळकपणे टिपणारा व बाजूचा आवाज दबवणारा, लांब नळीचा दिशिक ध्वनिग्राहक.

रचना व कार्य : नळीच्या कडांना खाचा असून ध्वनिपटल तिच्या मागील टोकाशी असते. समोरचा ध्वनी नळीतून सरळ पटलापर्यंत पोहोचतो. बाजूचा ध्वनी निरनिराळ्या खाचांतून शिरून वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो. त्यामुळे त्याच्या लहरी परस्परांना क्षीण करतात. हा परिणाम तरंगलांबी नळीच्या मानाने आखूड असतानाच, म्हणजे वरच्या कंप्रतांना जाणवतो. खर्जाच्या ध्वनीसाठी दिशिकता पटलाच्या रचनेवरच अवलंबून असते.

निवड : मूळचा चित्रीकरणस्थळी वापरला जाणारा हा प्रकार जाहिराती व चित्रपट-झलकांच्या निवेदनात रुळला. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा एमकेएच ४१६ हा त्याचा प्रसिद्ध नमुना. त्याची लांबी २५० मिमी. असून त्याला ४८ व्होल्ट फँटम वीजपुरवठा लागतो. आवाजाला येणारा उठाव व स्पष्टता हे त्याचे गुण. निवड करताना स्वतःच्या आवाजावर चाचणी घेणे आणि मायक्रोफोनची अंगभूत खरखर तपासणे आवश्यक असते.

वापर : तोंडापासून साधारण १५ ते ३० सेंमी. अंतर ठेवतात. फार जवळ गेल्यास खर्ज फुगतो. ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचे हवेचे झोत टाळण्यासाठी मायक्रोफोन थोडा वर किंवा तिरका ठेवून तोंडाकडे रोखतात. वाचताना मान वळल्यास आवाजाचा पोत बदलतो. लहान, रिकाम्या खोलीतील प्रतिध्वनी तो पुसू शकत नाही. त्यासाठी गाद्या, जाड पडदे किंवा ध्वनिशोषक फलक लागतात.