मुंबईची तार आणि माझे तीन मीटर

आजचा विषय तारेचा, म्हणजे ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या केबलचा. सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

मी गुरुग्रामला राहतो. इथल्या एका शोरूममधून मी ३८ हजारांची स्पीकर केबल आणली. अतिशुद्ध तांबं, वर चांदीचा मुलामा, प्रत्येक स्पीकरला तीन मीटर. घरी कुमार गंधर्वांचं रेकॉर्डिंग लावलं आणि तानपुरा आता मोकळा वाजतो, असं सगळ्यांना सांगत सुटलो. आमच्याच मजल्यावरच्या एका निवृत्त काकांनी माझ्या शब्दावर तीच केबल घ्यायचं ठरवलं. पैसे त्यांच्या फंडातले होते. तेव्हा मात्र मी जरा वाचायला बसलो.

तांब्याच्या शुद्धतेचं हे वेड आलं समुद्रातून. १८५७ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी बाजारातल्या तांब्याच्या तारा तपासल्या. दिसायला सारख्याच. पण सगळ्यात चांगली तार सगळ्यात वाईट तारेपेक्षा जवळजवळ दुप्पट वीज वाहून नेत होती. तांब्यातली किंचित भेसळही एवढा फरक पाडते. पुढच्याच वर्षी टाकलेली अटलांटिक केबल तीनेक आठवड्यांत बंद पडली. तिच्यावर भलताच जास्त दाब दिला गेला हे एक कारण, पण त्या अपयशानंतर तांबं आणि त्यावरचं गटापर्चाचं आवरण काटेकोर तपासून घेण्याची शिस्त लागली. १८६६ मध्ये अटलांटिक खऱ्या अर्थाने जोडला गेला. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली आणि त्याच जूनमध्ये मुंबई समुद्रमार्गे लंडनशी बोलू लागली. त्याआधी खुष्कीच्या तारेवरून निरोप यायला कित्येक दिवस लागत, आणि तो येईपर्यंत त्याची पार मोडतोड झालेली असे.

तर मुंबई-एडन तीन हजार किलोमीटर. तिथे तांबं शुद्ध हवंच. १९१३ मध्ये तांब्याच्या वाहकतेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणही ठरलं. आज घरात वायरिंगला वापरतो ती चांगली तार त्या प्रमाणाच्या आसपासच असते. थॉमसन यांची तक्रार कारखान्यांनी केव्हाच मिटवली आहे.

पण १९७० च्या दशकाच्या अखेरीस तीच तक्रार दिवाणखान्यात आली. अमेरिकेत नोएल ली यांनी १९७९ मध्ये मॉन्स्टर केबल सुरू केली. तोवर लोक टेबलावरच्या दिव्याची साधी वायर स्पीकरला लावत. मग जपानमधून ऑक्सिजनविरहित तांबं आलं, नंतर चांदी.

आता हिशेब करू. चांदी तांब्यापेक्षा साधारण सहा टक्के चांगली वाहक. अडीच चौरस मिलिमीटरची तीन मीटर तांब्याची तार, जाऊन-येऊन सहा मीटर, तिचा विरोध सुमारे ०.०४ ओहम. स्पीकर आठ ओहमचा. पूर्ण चांदीची तार घेतली तरी वाचतात जेमतेम ०.००२ ओहम. माझ्याकडे तर नुसता मुलामा! बारीक तार वीस मीटर नेलीत तर मात्र फरक पडतो. तिथे जाड तार घ्या, महाग नव्हे.

हे आकडे काकांना पटेनात. खरं सांगायचं तर मलाही पटवून घ्यायचे नव्हते. मग सदर बाजारातून घरगुती वायर आणली. बायको पडद्यामागे बसली. दहा वेळा तिने केबल बदलली किंवा बदलल्याचं नाटक केलं. आवाजाचं बटण कुणी हलवायचं नाही. माझे चार अंदाज बरोबर आले, काकांचे सहा. दहा वेळा म्हणजे काही शास्त्र नव्हे, पण तानपुऱ्याबद्दलचा माझा ठामपणा तिसऱ्या वेळेलाच गेला होता.

काकांनी केबल घेतली नाही. आम्ही त्यांचे स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे ओढले, तेव्हा तबल्याच्या बायाची घुमघुम कमी झाली. हा फरक पडद्याशिवायही सगळ्यांना ऐकू आला. खर्च शून्य.

शोरूमने माझी केबल परत घेतली नाही. ती अजून माझ्याच स्पीकरला आहे. दिसते छान.