पिशवी गेली, झोपही गेली

पाळीच्या आधी चार-सहा दिवस बाई चिडचिडी होते, रात्री टक्क जागी राहते. बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. डॉक्टरांच्या जगात त्यावर गाजलेला पहिला लेख आला १९३१ साली. न्यूयॉर्कच्या डॉ. रॉबर्ट फ्रँक यांनी दोष अंडाशयातल्या हार्मोनवर ठेवला. त्रास फारच असेल तर उपाय काय? अंडाशयावर क्ष-किरण सोडायचे! पुढे १९५३ मध्ये कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन या ब्रिटिश डॉक्टरांनी या त्रासाला 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' म्हटलं.

आज बरंच उलगडलंय. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं, अंगाचं तापमान थोडं चढतं. पाळी जवळ आली की हार्मोन झपाट्यानं उतरतात. त्यात अनेकींची झोप तुटते, मन हळवं होतं. 'नाटकं करते' म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

आता आपल्या बीडला या. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक खाडा झाला की मुकादम दंड कापणार. पाळी असो नसो, पहाटे उठायचं, मोळ्या वाहायच्या. फडावर ना संडास, ना पुरेसं पाणी. पोटात दुखतं म्हणून दवाखाना गाठला की सल्ला तयार, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.

जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं, जिल्ह्यात तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं पाहणीचा आकडा दिला. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. त्यात तिशी-पस्तिशीतल्याही होत्या.

कटकट मिटली का? पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर ऐन उमेदीत पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम सुरू होतात. अंगातून वाफा, रात्री घाम, उडालेली झोप, उदास मन. अंडाशय ठेवलं तरी ते लवकर थकू शकतं. फ्रँकसाहेबांचे क्ष-किरण काय अन्‌ इथली सुरी काय!

गंमत बघा, बिहारसारख्या राज्यात १९९२ पासून सरकारी महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा आहे. तिथल्या बायका त्यासाठी भांडल्या होत्या. आपल्याकडं २०१९ च्या बोभाट्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. खाड्याचा दंड बंद झाल्याचं मात्र फडावरून अजून कुणी सांगितलेलं नाही.