शाहू (छत्रपती)

शाहू हे भोसले घराण्याच्या सातारा व कोल्हापूर या दोन्ही गाद्यांवर बसलेल्या एकापेक्षा अधिक छत्रपतींचे नाव आहे. नुसते 'शाहू महाराज' असे लिहिल्यास साताऱ्याच्या संदर्भात शाहू पहिले (१६८२–१७४९) आणि कोल्हापूरच्या संदर्भात राजर्षी शाहू (१८७४–१९२२) अभिप्रेत असतात. या दोघांच्या जन्मांत सुमारे एकशे नव्वद वर्षांचे अंतर असून दोघांची जन्मघराणीही भिन्न आहेत. शिवाजी महाराजांच्या वंशात जन्मलेले शाहू पहिले हेच होत. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या या नावाच्या छत्रपतींना गादीचा अधिकार दत्तविधानाने मिळाला.

शाहू पहिले

छत्रपती संभाजी व येसूबाई यांचे पुत्र. जन्म १८ मे १६८२ रोजी माणगावजवळील गांगवली येथे झाला. आजोबांच्या नावावरून त्यांचे मूळ नाव शिवाजी असे होते. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला, तेव्हा आईसह ते कैद झाले आणि पुढील सुमारे अठरा वर्षे औरंगजेबाच्या छावणीत राहिले. औरंगजेबाने त्यांना 'साव' म्हटले व त्यावरून 'शाहू' हे नाव रूढ झाले, अशी परंपरागत कथा आहे.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये त्यांची सुटका झाली. येसूबाई मात्र १७१९ पर्यंत मोगलांकडेच ओलीस होत्या. दरम्यानच्या काळात राजाराम महाराज व त्यांच्यामागे ताराबाई यांनी राज्य राखले होते. परतलेला पुरुष हा खरा शाहू नव्हेच, असा पवित्रा ताराबाईंच्या पक्षाने घेतला. त्यामुळे नाव आणि वंश सिद्ध करणे हाच गादीच्या वादाचा पहिला मुद्दा ठरला. खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी जाधव शाहूंना मिळाले व जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. पुढे सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. १७३१ च्या वारणेच्या तहाने कोल्हापूरचे संभाजी व शाहू यांच्यात सीमा ठरून या फुटीवर शिक्कामोर्तब झाले.

शाहू निपुत्रिक होते. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजांना त्यांनी वारस नेमले. १७४९ मध्ये शाहूंचा मृत्यू झाल्यावर थोड्याच काळात ताराबाईंनी रामराजा हे आपले नातू नसल्याचे जाहीर केले. चाळीस वर्षांपूर्वी शाहूंवर घेतलेलाच हा आक्षेप होता.

शाहू दुसरे

हे वावी येथील भोसल्यांच्या शाखेतील त्रिंबकजी यांचे पुत्र. रामराजांनी १७७७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते गादीवर आले. आधीच्या शाहूंना 'थोरले' म्हटले जाते, तर यांना 'धाकटे'. प्रत्यक्ष सत्ता पेशव्यांकडे असल्याने छत्रपती साताऱ्यात जवळजवळ नजरकैदेतच होते. १७९८ मध्ये त्यांनी बंधू चतुरसिंग यांच्यासह उठाव केला. परशुरामभाऊ पटवर्धनांनी तो मोडला. १८०८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. प्रतापसिंह व शहाजी (आप्पासाहेब) हे त्यांचे पुत्र अनुक्रमे गादीवर आले. शहाजींच्या मृत्यूनंतर १८४८ मध्ये त्यांचे दत्तविधान इंग्रजांनी अमान्य करून राज्य खालसा केले. ज्या रूढीने रामराजा व शाहू दुसरे छत्रपती झाले होते, तीच आता नाकारली गेली.

कोल्हापूरचे राजर्षी शाहू

जन्म २६ जून १८७४. मूळ नाव यशवंतराव. वडील कागलचे जहागीरदार जयसिंगराव (आबासाहेब) घाटगे, आई राधाबाई या मुधोळच्या घोरपडे घराण्यातील. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या अकाली मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू ठेवले. हे नाव लक्षणीय आहे: कोल्हापूरच्या गादीने ज्यांच्याशी दीर्घकाळ भांडण केले, त्या साताऱ्याच्या छत्रपतींचेच नाव कोल्हापूरच्या वारसाला मिळाले.

२ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. १८९९ च्या सुमारास सुरू झालेल्या वेदोक्त प्रकरणात छत्रपतींच्या क्षत्रियत्वावरच प्रश्नचिन्ह उभे करण्यात आले. शाहूंची पुढील धोरणे समजून घेण्यासाठी हा वाद ध्यानात घ्यावा लागतो. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने त्यांनी संस्थानातील रिक्त जागांपैकी किमान निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. 'राजर्षी' ही पदवी १९१९ मध्ये कानपूर येथे कुर्मी समाजाच्या परिषदेत त्यांना देण्यात आली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या गादीचे आजचे वारसही शाहू याच नावाचे असून तेही दत्तक आलेले आहेत. २०२४ मध्ये ते कोल्हापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले.

स्थळनामे

साताऱ्याचे शाहूनगर हे जुने नाव व तेथील शाहूपुरी ही थोरल्या शाहूंच्या नावाची आहेत. कोल्हापूरची शाहूपुरी मात्र राजर्षी शाहूंनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली पेठ होय. कानपूरच्या छत्रपती शाहूजी महाराज विद्यापीठाचे नावही राजर्षी शाहूंवरून पडले आहे.