वाऱ्याने आणलेले, पावसाने घडवलेले

महाराष्ट्रातल्या मुसलमानांविषयी लिहिता-बोलताना ‘मुस्लिम समाज’ हे दोन शब्द पुरेसे मानले जातात. निवडणुकीच्या आकडेमोडीत ते चालत असतील. पण श्रीवर्धनचा कोकणी मुसलमान आणि औशाकडचा मुसलमान शेजारी बसवून पाहा. बोली वेगळी, ताट वेगळे, घराचे छप्पर वेगळे, नमाजची धाटणीही किंचित वेगळी. हा फरक आला कुठून? आपण त्याचे उत्तर सुलतानांच्या वंशावळीत शोधत बसतो. थोडेसे तिथे सापडतेही. बाकीचे मात्र वाऱ्यात आणि पावसात आहे.

सातारा जिल्हाच घ्या. महाबळेश्वरला वर्षाला 5 हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो 500 च्या आसपास. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि पलीकडे उरतो तो कोरडा वारा. म्हणून घाटाखालच्या माणसाला पुराची आणि दरडीची धास्ती, तर घाटावरच्याला दुष्काळाची. ही धास्ती धर्म पाहून वाटली गेलेली नाही. पण तिने प्रत्येक धर्माच्या माणसांना आपापल्या प्रदेशाचे वळण लावले, त्यात मुसलमानही आले.

मोसमाबरोबर आलेला मजहब

‘मान्सून’ हा शब्द अरबी ‘मौसिम’पासून आला. मौसिम म्हणजे ठरलेला हंगाम. अरबी समुद्रात गलबत हाकणाऱ्यांसाठी या शब्दाला जिवाचे मोल होते. नैर्ऋत्येचा वारा जहाजाला हिंदुस्थानच्या किनाऱ्याकडे ढकलायचा, तर ईशान्येचा वारा परत अरबस्तानाकडे न्यायचा. भर पावसात बंदरे बंद असायची. वारा फिरेपर्यंत व्यापाऱ्याला किनाऱ्यावर महिनोन्‌महिने थांबावे लागे. या सक्तीच्या मुक्कामातून ओळखी झाल्या, सोयरिकी झाल्या, वस्त्या उभ्या राहिल्या. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल-मसूदी चौलला आला, तेव्हा तिथे सुमारे 10 हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदवले आहे. त्यांत याच भूमीवर जन्मलेलेही होते. दिल्लीत सुलतान यायला तेव्हा जवळपास तीनशे वर्षे बाकी होती. तेव्हा ‘मुसलमान तलवारीबरोबर आले’ असे कुणी म्हटले, तर त्याला आधी चौलचे बंदर दाखवावे.

या समुद्रवाटेने शाफई मजहब आला. कोकण, मलबार, श्रीलंका, पुढे थेट मलाया आणि इंडोनेशियापर्यंत, जिथे जिथे अरबांची गलबते लागली, तिथे तिथे आजही बहुतांश शाफई आढळतात. माहीमचे विद्वान सुफी मखदूम अली माहिमी याच किनारी परंपरेतले. समुद्रातल्या जिवांबाबत शाफई मत हनफी मतापेक्षा मोकळे आहे. मासळीवर जगणाऱ्या किनाऱ्याला ते सहज मानवले असणार.

घाटावरची वाट निराळी होती. 1327 च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली. दिल्लीकडून आलिम, सुफी, शिपाई, कारागीर जमिनीवरून दख्खनेत उतरले. त्यांच्याबरोबर हनफी मजहब आला आणि पुढे दखनी बोली घडली. कोकणातला मुसलमान मात्र घरात कोकणी वळणाची मराठीच बोलत राहिला. एकाच राज्यात अस्रच्या नमाजची वेळ दोन तऱ्हांनी मोजली जाते, त्यामागे असा समुद्र आणि असा डोंगर उभा आहे.

ही देवघेव एकतर्फी नव्हती. विठ्ठलाचे नाव घेत पेरणी करणारा शेतकरी ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ म्हणतो. हे दोन्ही शब्द अरबी आहेत, अर्थ शरद आणि वसंत. ‘तुफान’, ‘हवा’, ‘खलाशी’, ‘हौद’ हेही तसेच मराठीत मुरले. हवापाण्याची भाषा आपण वाटून घेतली आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही.

कोरड्या दख्खनेचे पाणी

घाटावरचा इतिहास म्हणजे दुष्काळांची माळ. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचे कोठार भुकेल्यांसाठी खुले केले आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात जाऊन त्याची किंमत चुकती केली, ही कथा मराठी घराघरांत माहीत आहे. पण बहमनी सुलतान मुहम्मद शाह दुसरा (1378–1397) याच्याविषयी इतिहासकार फरिश्ता काय लिहितो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दुष्काळ पडला तेव्हा या सुलतानाने सरकारी खर्चाने 10 हजार बैल लावून माळवा आणि गुजरातेतून धान्य आणवले. अनाथ मुलांसाठी गुलबर्गा, बिदर, दौलताबाद, चौल, दाभोळ अशा ठिकाणी मदरसे काढले. एक कथा कीर्तनातून जिवंत राहिली, दुसरी फारसी तवारिखेत पडून राहिली. दोन्हींत भुकेला माणूस मात्र एकच आहे.

दुष्काळाच्या या भीतीतूनच दख्खनेतली पाण्याची विद्या वाढली. बिदरला बहमनी काळात इराणी पद्धतीचे कारेज खोदले गेले, म्हणजे जमिनीखालचे झिरपते पाणी उताराने शहरात आणणारा बोगदा. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या आणि निजामशाहीचा वजीर झालेल्या मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली. आज ते छत्रपती संभाजीनगर. तिथल्या डोंगरउतारांखाली मुरणारे पाणी भुयारी मार्गाने गोळा करून त्याने शहराला पुरवले. हीच नहर-ए-अंबरी. उपसा नाही, जनावर नाही, फक्त जमिनीचा उतार. पाणी जमिनीखालून वाहिल्याने उन्हाने आटण्याचा धोकाही कमी. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ अशाच नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरली. फकीर आणि वाटसरूंसाठी तिच्यावर पीठ दळले जाई.

थोडा पाऊस पडणाऱ्या मुलखात राजाची प्रतिष्ठा हौदाच्या पाण्यावरून ठरायची. कोकणात अशी नहर कुणी खोदली नाही, कारण तिथे अडचण पाणी आणण्याची नव्हती, पाण्यापासून वाचण्याची होती.

घर वाचवते, घर मारते

प्रदेशाने शिकवलेले शहाणपण नेहमीच पुरते असेही नाही. मराठवाड्यातल्या उन्हाला उतारा म्हणून लोकांनी दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद बांधले. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरांनी गारवा दिला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली आणि तीच माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. त्या दिवशी सामूहिक चिता पेटल्या आणि कबरीही खोदल्या गेल्या.

कोकणात चिऱ्याच्या भिंती आणि उतरते कौलारू छप्पर पावसाला पुरून उरले. पण 26 जुलै 2005 ला महाडच्या परिसरात आणि जुलै 2021 मध्ये तळियेत डोंगरच खाली आला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. पाऊस आता जुन्या मोजमापात मावत नाही. घाटावर आठवडाभराचे पाणी एका रात्रीत कोसळते आणि मग महिनाभर कोरडे जाते.

अशा वेळी जुन्या विद्येकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही. पैठणच्या जायकवाडीवरून पाणी आणूनही संभाजीनगरात नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येते, आणि अंबरच्या नहरी मात्र बांधकामांखाली चिरडल्या जात आहेत. शहराच्या नावावर आपण खूप भांडलो. शहराखालून वाहणाऱ्या पाण्यासाठी किती भांडलो?

मुसलमान कुठून आले, हा प्रश्न आपल्याला सतत विचारला जातो. काही वाऱ्याबरोबर आले, काही घाट चढून-उतरून आले, बहुतेक तर इथेच होते. पण प्रत्येकाला घडवले ते त्या त्या मुलखाच्या पावसाने, शेजारच्या मराठ्याला, कोळ्याला, महाराला घडवले तसेच. ही ओळख कागदावर आणायची जबाबदारी आपली आहे. 1972 चा दुष्काळ, सुकडी आणि रोजगार हमीची खडी फोडलेली माणसे अजून आपल्या गावांत आहेत. किनाऱ्यावर तुफानाच्या गोष्टी सांगणारे म्हातारे नाखवे आहेत. त्यांच्यापाशी बसा, विचारा, लिहून घ्या. मशिदीच्या जुन्या हौदाला पाणी कुठून येत होते, एवढे शोधून काढले तरी गावाच्या इतिहासाचे एक पान हाती लागेल.