मामूंची हार्ड डिस्क आणि कोंडलेले हर्फ

भंडारा शहरात माझ्या मामूंचं छोटं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, निकाहाचे दावतनामे, दुकानांची बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, झाडीपट्टीतल्या नाटकांची हँडबिलं असं सगळं काम तिथं होई. एकाच टेबलावर मराठी आणि उर्दू दोन्ही कंपोझिंग चाले. रिकाम्या वेळेत मामू आपलंही काही टाइप करत. पितळेची भांडी घडवणारे, विडी कारखान्यात राबणारे, तुमसरच्या धान बाजारात हमाली आणि अडत करणारे, पवनी-साकोलीच्या आठवडी बाजारात कापड विकणारे अशा मुस्लिम घराण्यांच्या आठवणी ते गोळा करत होते. म्हाताऱ्या माणसांना विचारून, कबरस्तानच्या वहीतल्या नोंदी ताडून त्यांनी सुमारे दोनशे पानं जमवली. निम्मी मराठीत, निम्मी उर्दूत.

दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला. घरातला जुना कॉम्प्युटर नव्या विंडोजच्या अटींत बसेना, म्हणून मी त्यावर लिनक्स टाकायचं ठरवलं. मामूंनी हार्ड डिस्कवर हात ठेवला आणि म्हणाले, “बेटा, इसमें मेरे तीस साल हैं. सँभाल के.”

डिस्कची नक्कल करून घेतली, लिनक्स चढवलं. फाइली दिसल्या, पण उघडल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा! मग तोच प्रश्न पडला, जो लिनक्सवर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पडतो. माझे विंडोजचे प्रोग्रॅम इथं कसे चालवू? उत्तर शोधताना लक्षात आलं की हा प्रश्न वाटतो तितका तांत्रिक नाही. आपली लिपी कॉम्प्युटरमध्ये कशी गेली आणि कुणाच्या ताब्यात राहिली, याचा इतिहास त्यामागे आहे.

अक्षरं कोंडली गेली ती अशी

देवनागरीची कॉम्प्युटरमधली वाटचाल चुकीच्या पायावर सुरू झाली होती असं नाही. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आलं. १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्डचं प्रमाणीकरण झालं. १९९१ मध्ये इस्की ही सांकेतिक पद्धत भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात ‘क’ म्हणजे ‘क’च होता, फॉन्ट कोणताही असो. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातला देवनागरीचा भाग इस्कीच्याच आधीच्या मसुद्यावर बेतलेला होता.

पण बाजाराला घाई होती. वर्तमानपत्रांना, छापखान्यांना, सरकारी कचेऱ्यांना ताबडतोब मराठी हवी होती. त्यावर सोपा तोडगा निघाला. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवलेला फॉन्ट करायचा. कॉम्प्युटरच्या लेखी मजकूर इंग्रजीच, डोळ्यांना मात्र मराठी दिसते. कृतिदेव या प्रचलित फॉन्टमध्ये ‘भंडारा’ लिहिलं, तर फाइलमध्ये साठतं ते एच, के, ए, एम, के, जे, के. फॉन्ट काढून घ्या, की भंडारा नाहीसा होतो आणि ही सात अक्षरं मागे उरतात. श्रीलिपी, आकृती अशा प्रत्येक संचाची मांडणी वेगळी. एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात वाचता येत नसे. त्यातच अनेक प्रोग्रॅमना ‘लॉक’ असे. कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावायचा तो लहानसा तुकडा हरवला किंवा बिघडला, की पैसे मोजून घेतलेला प्रोग्रॅमही मुका होई.

उर्दूची अडचण याहून मोठी होती. नस्तालीक लिपीत अक्षरं सरळ रेषेत बसत नाहीत. ती उतरणीवरून ओघळल्यासारखी एकमेकांत मिसळतात. त्यामुळे उर्दू वर्तमानपत्रं दीर्घकाळ कातिबांच्या हातानेच लिहिली गेली. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साथीने ‘नूरी नस्तालीक’ तयार केली. त्यासाठी सुमारे वीस हजार जोडाकृती हाताने रेखाटल्या गेल्या. पाकिस्तानच्या ‘जंग’ दैनिकाने ती वापरली. पुढे १९९४ च्या सुमारास दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअर कंपनीचा ‘इनपेज’ हा विंडोजवरचा प्रोग्रॅम आला आणि भारतातलं बहुतेक उर्दू कंपोझिंग त्यावर गेलं. कातिबाची बैठक उठली आणि तिथं कॉम्प्युटर आला. हे उपकार मोठे होते. पण सुरुवातीच्या इनपेजची साठवण्याची पद्धतही स्वतःपुरतीच होती. तो मजकूर इनपेजबाहेर सहज वाचता येत नसे.

म्हणजे मराठी असो वा उर्दू, लिहिणारा आपण, भाषा आपली, आठवणी आपल्या. पण कुलूप दुसऱ्याचं आणि ते कुलूप विंडोजच्या दाराला लावलेलं.

लिनक्सची वाट

फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून चालवलेल्या ग्नू प्रकल्पाशी त्याची सांगड बसली. प्रोग्रॅम वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक सगळ्यांना असावी, हा त्यामागचा विचार. भारतात १९९६ पासून ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सच्या सीडी मिळू लागल्या. इंटरनेट महाग आणि मंद असलेल्या काळात लहान शहरातल्या हौशी पोरांसाठी ती सीडी म्हणजे खजिनाच होती.

२००० च्या आसपास सुरू झालेल्या ‘इंडलिनक्स’ प्रकल्पाने भारतीय भाषा लिनक्सवर आणण्याचं काम हाती घेतलं. पुण्याची मॉड्युलर इन्फोटेक ही श्रीलिपी बनवणारी कंपनी. तिच्याकडूनच रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे फॉन्ट करवून घेतले आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. लोहित म्हणजे लाल, रेड हॅटमधला ‘रेड’. कुलपाची आणि खुल्या दाराची अक्षरं एकाच शहरात घडली, हे विशेष. २००७ मध्ये सी-डॅकने डेबियनवर आधारित ‘बॉस’ लिनक्स प्रसिद्ध केलं. त्यात मराठीचीही सोय होती.

असं असूनही आपल्याकडे लिनक्स रुजलं नाही. केरळने शालेय संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं आणि मुलं त्यावरच शिकली. महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा कोर्स घरोघरी पोहोचला. सरकारी नोकरीसाठी तो लागू लागला. त्याने खेड्यातल्या लाखो मुलामुलींच्या हाती माऊस दिला, ही मोठीच गोष्ट. मात्र त्या पिढीसाठी कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि टायपिंग म्हणजे वर्ड, हे समीकरण पक्कं झालं. मीही त्याच पिढीतला.

दुकान दुकान फिरण्याची सवय

म्हणून लिनक्सवर आल्यावर मी पहिली चूक केली ती सवयीनेच. इंटरनेटवरून डॉट ईएक्सई फाइल उतरवली आणि दोनदा क्लिक केलं. काहीच झालं नाही.

विंडोजवर सॉफ्टवेअर घेणं म्हणजे बाजारात दुकान दुकान फिरण्यासारखं. माल खरा की खोटा, हे ज्याचं त्याने पाहायचं. लिनक्सची पद्धत संघाच्या गोदामासारखी आहे. त्याला रिपॉझिटरी म्हणतात. हजारो प्रोग्रॅम तिथं तपासून, डिजिटल मोहोर लावून ठेवलेले असतात. आपण नाव सांगायचं, यंत्रणा माल आणून बसवते.

हीदेखील एका दिवसात झालेली सोय नाही. सुरुवातीला लोक मूळ कोड उतरवून स्वतः प्रोग्रॅम बांधत. एका प्रोग्रॅमला दुसरा लागे, दुसऱ्याला तिसरा. धान भरडायला जावं तर गिरणीला पट्टा नाही, पट्टा आणावा तर मोटार नाही, अशी गत. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं. पत्नी डेब्रा आणि स्वतः इयान, या दोन नावांवरून डेबियन. १९९९ च्या डेबियन २.१ सोबत ‘ॲप्ट’ ही व्यवस्था आली. कोणत्या प्रोग्रॅमला काय लागतं, ते ती स्वतःच शोधून आणते. डेबियनवरच आधारलेल्या उबुंटूने २००४ पासून हे सामान्य माणसापर्यंत नेलं. कित्येक वर्षं त्याच्या सीडी पोस्टाने जगभर फुकट पाठवल्या जात. आज काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करण्याचीही सक्ती नाही. सॉफ्टवेअर सेंटर उघडा, नाव शोधा, बटण दाबा.

‘वाइन’ची गोष्ट

तरीही मामूंचा प्रोग्रॅम त्या गोदामात नव्हता. तो विंडोजचाच होता. त्यासाठी जे साधन आहे त्याचं नाव ऐकून मामूंनी कानाला हात लावला. नाव आहे ‘वाइन’! मी म्हटलं, “मामू, ही प्यायची नाही.” या नावाचा विस्तार मोठा मजेशीर आहे: ‘वाइन इज नॉट अॅन एम्युलेटर’. नाव स्वतःच सांगतं की मी नकली कॉम्प्युटर उभा करत नाही.

मग करतं काय? दुभाषाचं काम. विंडोजचा प्रोग्रॅम ‘खिडकी उघड’, ‘फाइल वाच’, ‘अक्षर काढ’ अशा विनंत्या विंडोजच्या बोलीत करतो. वाइन त्या ऐकतं आणि लिनक्सच्या बोलीत पुढे सांगतं. १९९३ मध्ये हे काम सुरू झालं. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड त्याचं नेतृत्व करत आले आहेत. १.० ही आवृत्ती यायला २००८ उजाडलं, म्हणजे तब्बल १५ वर्षं! विंडोज आतून कसं चालतं याचा कोड समोर नसताना, बाहेरून वागणूक पाहून ती लिहायची होती, म्हणून इतका काळ लागला.

एक गंमत इथं सांगण्याजोगी आहे. विंडोज ३.१ च्या जमान्यातले १६-बिट प्रोग्रॅम आजचं ६४-बिट विंडोज चालवत नाही. वाइन मात्र त्यातले बरेच चालवतं. कंपनीने ज्यांना वाऱ्यावर सोडलं, त्यांना परक्या घरात आसरा मिळाला. मर्यादाही आहेत. लॉकवाले प्रोग्रॅम बहुधा अडतात, कारण लॉकचा ड्रायव्हर यंत्रणेच्या गाभ्यात शिरू पाहतो आणि वाइनला ते जमत नाही. काही प्रोग्रॅम उघडतात, पण छपाईला नकार देतात.

प्रोग्रॅम हवा की मजकूर?

मामूंचा उर्दू प्रोग्रॅम वाइनमध्ये उघडला. तासभर आम्ही दोघं नुसतं स्क्रोल करत बसलो. मराठी प्रोग्रॅम मात्र लॉकपाशी अडून बसला. दोन दिवस मी त्याच्याशी झगडलो. तिसऱ्या दिवशी मामूच म्हणाले, “बेटा, दुकान थोडंच पुन्हा उघडायचंय? मला फक्त लिहिलेलं पाहिजे.”

त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं. मला प्रोग्रॅम नकोच होता, मजकूर हवा होता. त्या डिस्कवरच जुन्या फॉन्टची फाइल होती. ती लिनक्सच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकली आणि लिबरऑफिसमध्ये मजकुराला तो फॉन्ट लावला. कचऱ्यातून मराठी उठून उभी राहिली. काही पानं पेजमेकरमध्ये होती. लिबरऑफिसचा ड्रॉ हा भाग २०१५ पासून पेजमेकरच्या फाइली उघडतो. मांडणी विस्कटली, पण शब्द हाती आले. मग परिवर्तकाने सगळं युनिकोडमध्ये आणलं. रफार आणि पहिली वेलांटी जागोजाग चुकली. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला. ते मामूंनी शेजारी बसून, भिंग घेऊन दुरुस्त केलं. उर्दूची पानंही त्याच वाटेने युनिकोडमध्ये आली.

आता हा मजकूर मोबाइलवर दिसतो. तिथं एक वेगळीच ओळख निघाली. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत अक्षरांची जोडणी करणारं जे मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याचं नाव ‘हर्फबझ’. इराणी वंशाचे बेहदाद इस्फहबोद त्याचे प्रमुख कर्ते. ‘ओपनटाइप’ या शब्दाचं त्यांनी फारसी रूप केलं: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. मराठीचा रफार आणि उर्दूची नस्तालीक, दोन्ही तेच बसवतं. मामूंच्या टेबलावर शेजारी नांदणाऱ्या दोन लिप्या तिथंही एकाच कारागिराच्या हाताखाली आहेत.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातल्या मुस्लिमांचा इतिहास कोणत्याही मोठ्या ग्रंथात सापडणार नाही. तो सापडेल तर अशाच हार्ड डिस्कांवर, मशिदीच्या कपाटातल्या सीड्यांवर, बंद पडलेल्या छापखान्यांच्या कॉम्प्युटरांवर. आपल्याला कुणी नोंदवलं नाही ही तक्रार आपण वारंवार करतो. पण जे आपल्याच माणसांनी नोंदवलं, ते भंगारवाल्याला किलोच्या भावाने जात असेल, तर तो दोष कुणाचा?

तेव्हा विंडोज वापरा की लिनक्स, हा मुद्दा दुय्यम आहे. घरात जुना कॉम्प्युटर असेल, तर विकण्यापूर्वी डिस्कची नक्कल करा. फॉन्टच्या फाइली वेगळ्या काढून ठेवा, कारण तीच किल्ली आहे. मजकूर युनिकोडमध्ये आणा. आणि हे काम ज्याने लिहिलं तो माणूस हयात असतानाच करा. आमच्या फाइलींत तीन नावं अशी होती, जी कोणत्याच परिवर्तकाला लागली नाहीत. ती फक्त मामूंना ठाऊक होती.