खर्जाची जोड

नांदेड-लातूरकडचं एखादं भजनी मंडळ वर्गणी काढून नवी पेटी घ्यायला निघालं, की आधी चर्चा होते ती रीडांची. दोन रीडांची घ्यायची की तीन? खर्ज-नर, म्हणजे खालचं आणि मधलं सप्तक, की नर-मादी, म्हणजे मधलं आणि वरचं? आणि दाबलेल्या पट्टीला दुसऱ्या सप्तकातली पट्टी जोडणारा कपलर हवा का? गिटार किंवा बाससाठी ऑक्टेव्ह पेडल शोधणाऱ्या मुलापुढेही हेच प्रश्न असतात. खालचं सप्तक जोडायचं की वरचं, किती जोडायचं, आणि एका वेळी एकच सूर लागणार की अनेक? हे साम्य योगायोगाचं नाही. पेटीचा कपलर आणि ऑक्टेव्ह पेडल ही चुलत भावंडं आहेत.

दोघांचा आजा म्हणजे युरोपातल्या चर्चमधला नळ्यांचा ऑर्गन. त्यात आठ फुटी नळीच्या सुराखाली एक सप्तक उतरायचं तर सोळा फुटी नळी लागे, वर चढायचं तर चार फुटी. वादक खटका ओढी आणि त्याच पट्टीवर दुसऱ्या सप्तकातला सूरही बोलू लागे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४०च्या सुमारास नळ्यांऐवजी धातूच्या पात्या, म्हणजेच रीडा, बसवून हार्मोनियम केलं, तेव्हा ही सप्तकांची व्यवस्था त्यात तशीच उतरली. नाटक कंपन्यांनी वाजवली ती याच घराण्यातली पायपेटी. पण आपलं बरंचसं गाणं जमिनीवर मांडी घालून होतं, तिथे पायाने भाता मारणं गैरसोयीचं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत हाताने भाता मारायची पेटी घडवली. ती देशभर पसरली, भजनात बसली आणि गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनातही. नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात रागी जथ्याचं कीर्तन ऐकताना पेटीखालून येणारा खर्ज ऐकावा. शब्द वरच्या सुरात चालतात आणि त्यांना टेकायला खाली जमीन मिळते.

त्या पेटीच्या आत काय चालतं ते पाहण्यासारखं आहे. खर्जाची पाती लांब असते, तिच्या टोकाला वजन दिलेलं असतं, म्हणून ती सावकाश थरथरते. नराची पाती एका सेकंदात जितक्या वेळा हलते, त्याच्या बरोबर निम्म्या वेळा खर्जाची. एका सप्तकाचं अंतर म्हणजे एवढंच, निम्मं किंवा दुप्पट. कपलर आणखी साधा आहे. पट्ट्यांखाली तिरप्या तारांची एक चौकट असते. खटका ओढला की दाबलेली पट्टी बारा पट्ट्या पलीकडची पट्टीही ओढते. बोट एक, सूर दोन. याची किंमतही मोजावी लागते. वारा जास्त लागतो, पट्ट्या जड होतात, आणि खालची जोड देणाऱ्या पेटीत अगदी तळाच्या सप्तकाला जोड मिळतच नाही, कारण त्याच्या खाली पट्ट्याच नाहीत. तरीही या यंत्राबद्दल मला मनापासून आदर आहे. चार पट्ट्या एकदम दाबा, चारही सुरांना आपापली जोड मिळते, आणि कुठलाही सूर दुसऱ्याच्या आड येत नाही.

आपल्या कानाला ही जोड नवी नव्हती, म्हणूनच पेटी इतक्या लवकर रुजली असं मला वाटतं. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा षड्जाच्या आणि शेवटची त्याच षड्जाच्या खालच्या सप्तकातली. गवई पहाटे खर्जाचा रियाज करतात तो याच आधारासाठी. जालना जिल्ह्यातून आलेले अप्पा जळगावकर पेटीवर साथ करत, तेव्हा गायकाच्या आवाजाला जागा ठेवून सूर भरण्याची त्यांची समज ऐकण्यासारखी होती. सूर कुठे जाड करायचा आणि कुठे मोकळा सोडायचा, हे खटक्याइतकंच कानाने ठरतं.

ऑर्गनच्या घराण्याची दुसरी फांदी विजेकडे गेली. १९३९ साली अमेरिकेतल्या हॅमंड कंपनीने नोव्हाकॉर्ड बाजारात आणला. त्यात सर्वांत वरच्या सप्तकाचे बाराच सूर तयार होत, आणि ते पुन्हा पुन्हा निम्मे करत खालची सप्तकं मिळवली जात. ट्रान्झिस्टर आल्यावर हे निम्मे करणारं सर्किट स्वस्त आणि लहान झालं. सुराच्या दोन हेलकाव्यांमागे एकच हेलकावा देणारं ते सर्किट गिटारच्या तारेवर लावलं की खालचं सप्तक मिळतं. वरच्या सप्तकाची युक्ती वेगळी. हेलकाव्याचा खाली जाणारा अर्धा भाग उलटून वर घेतला की आवर्तनं दुप्पट होतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला रेक्टिफायर म्हणून ही गोष्ट पाठच असते. रॉजर मेयर याने तीच वापरून ऑक्टेव्हिया बनवला आणि १९६७ साली जिमी हेंड्रिक्सने तो ‘पर्पल हेझ’मध्ये वाजवला. लातूर उस्मानाबादेपासून वेगळा जिल्हा झाला त्या १९८२ साली बॉस कंपनीचा ओसी-२ आला. एक सप्तक खाली, दोन सप्तकं खाली आणि मूळ सूर, असे तीन नॉब. खर्ज-नर पेटीवर हात बसलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

खटका पायाखाली गेला याचं कारण सरळ आहे. पेटीवाल्याचा भात्यावरचा हात क्षणभर खटक्याकडे जाऊ शकतो. गिटारवाल्याचे दोन्ही हात तारांवर अडकलेले, आणि तो उभा असतो.

पण विजेच्या या जोडीत एक उणीव राहिली. दोन सूर एकदम आले की निम्मे करणारं सर्किट गोंधळतं, कधी हा सूर धरतं, कधी तो, आणि आवाज फाटतो. अनेक सुरांना नीट जोड देणारे पेडल संगणकाचं तंत्र त्यात शिरल्यावरच घरोघरी पोहोचले. बॉसचा ओसी-३ २००३चा, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा पॉग २००५चा. कपलरने तारांच्या चौकटीवर जे कधीच साधलं होतं, ते साधायला विजेला एवढा वेळ लागला. २००३ सालीच ‘सेव्हन नेशन आर्मी’ या गाण्यात जॅक व्हाइटने डिजिटेकच्या व्हॅमी पेडलने गिटार एक सप्तक खाली उतरवून बासचं काम करून घेतलं. ज्या संचात बासवाला नाही, त्याला हा मार्ग आजही उपयोगाचा आहे.

बासवाल्याने मात्र कपलरच्या तळाच्या सप्तकाची आठवण ठेवावी. बासच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. त्याच्या खालचं सप्तक साडेवीसच्या आसपास पडतं, म्हणजे माणसाच्या कानाच्या अगदी काठावर. मांडवातला स्पीकरही तो सूर धड वाजवत नाही. म्हणून खालची जोड बासच्या वरच्या पडद्यांवर खुलते, तळाशी नाही. पेडल कोणताही असो, तारेचा स्वच्छ सूर त्याला आधी मिळाला पाहिजे, म्हणून तो ओळीत डिस्टॉर्शनच्या अगोदर ठेवावा.

माझा कौल असा. एकेक सुराची जाड, खरबरीत ओळ वाजवायची असेल तर जुन्या पद्धतीचा ॲनालॉग पेडल घ्यावा, त्याचा खर्ज भरीव असतो. कॉर्ड वाजवायच्या असतील तर अनेक सूर धरणाराच घ्यावा, तिथे पैसे वाचवू नयेत. आणि नुसता व्हिडिओ पाहून मागवू नये. आपली गिटार घेऊन दुकानात जावं, दोन सूर एकदम छेडावेत, मग जाड तारेवर एक लांब घसीट घ्यावी. पेटी घेताना मंडळातली जुनी माणसं प्रत्येक पट्टी दाबून पाहतात, तितका वेळ इथेही द्यावा.